चिनी अक्षरांच्या गोष्टी (भाग ११) : माराच्या मानगुटीवरचं भूत

गेल्या काही भागांतली अक्षरं चीनमध्येच जन्मली आणि मग शेजारी गेली. या आठवड्याचं अक्षर मात्र घडवावं लागलं ते आपल्याकडच्या एका नावासाठी. ते नाव म्हणजे मार. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात महापरिनिर्वाणाची प्रचंड मूर्ती आहे. तिच्या शेजारच्या भिंतीवर, ध्यानस्थ बुद्धावर सैन्य आणि मुली घेऊन चालून आलेला दिसतो, तोच हा.

बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत उतरवणाऱ्या भिक्षूंची अडचण अशी, की चिनीत बाराखडी नाही. नुसता उच्चार लिहायचा म्हटलं तरी अक्षराला चिकटलेला अर्थ सोबत येतोच. 'मार' लिहिण्यासाठी त्यांनी आधी घासणं, दळणं या अर्थाचं 'मा' उच्चाराचं अक्षर उसनं घेतलं. त्यात वर भांगेचं झाड आणि खाली दगड. मुक्तिमार्गातल्या शत्रूच्या नावात जात्याचा दगड! परंपरा सांगते, की लिआंग घराण्याच्या सम्राट वूनं (राज्यकाळ ५०२ ते ५४९) तो दगड काढून तिथे भूत बसवलं. हा राजा स्वतःला विहाराला दान करून टाकायचा आणि दरबारी मोठी रक्कम भरून त्याला सोडवून आणायचे, तेही एकदा नव्हे. अशा माणसानं एका अक्षरात लक्ष घातलं असेल, तर मला नवल वाटत नाही.

वरच्या भांगेवरून मात्र कुणी नशेचे तर्क लढवू नयेत. ती तिथे फक्त 'मा' या उच्चारापुरती आहे. अर्थ सगळा खालच्या भुताचा.

तो जुना 'मा' जपानी आणि कोरियन भाषांत टिकला. व्हिएतनामीत 'मा' म्हणजे सरळ भूतच. खुद्द चीनमध्ये, आजच्या प्रमाण भाषेत, स्वर बदलून चढत्या सुरातला 'मो' झाला. म्हणजे माराचं नाव मूळच्या जवळ ऐकायचं, तर चीन ओलांडून पुढे जावं लागतं. जपानमध्ये या अक्षराच्या रेघा २१. एवढं कोण गिरवत बसणार? म्हणून घाईच्या हस्ताक्षरात लोक वरची चौकट तेवढी ठेवतात आणि आत कताकाना लिपीतला 'मा' टाकून मोकळे होतात. सम्राटानं बसवलेलं भूत गेलं, उच्चार राहिला.

अर्थ कसा पसरला, ते जास्त गमतीचं. मार साधनेत विघ्न आणतो. म्हणून 'वाकडा' या अर्थाच्या अक्षराला तो जोडून झालेला जपानी शब्द 'जामा' आज अडथळा, व्यत्यय एवढाच अर्थ देतो. कुणाच्या घरात पाऊल टाकताना जपानी पाहुणा 'ओजामा शिमास' म्हणतो, म्हणजे तुम्हाला जरा त्रास देतो. या अक्षरापुढे धर्म, नियम, रीत अशा अर्थांचं अक्षर आलं, की होते जादू, 'माहो'. आणि चहा तासन्‌तास गरम ठेवणारा थर्मास म्हणजे 'माहोबिन', जादूची बाटली. चिनीतही जादूचे प्रयोग आणि रुबिकचा ठोकळा यांच्या नावात हाच 'मो' आहे. शांघायचं लाडकं टोपणनाव 'मोदू', म्हणजे मायावी महानगर. ते आलं जपानी लेखक मुरामात्सु शोफू यांच्या १९२४ च्या पुस्तकाच्या नावावरून.

आणखी एक शब्द सांगायलाच हवा : जपानी 'दान्मात्सुमा', मरणाच्या वेळची तडफड. शेवटी अक्षर हेच. भूत दिसलं की वाटतं, मार आलाच. पण इथे 'दान' म्हणजे तोडणं, आणि 'मात्सुमा' हे संस्कृत 'मर्मन्'चं रूप. मर्मस्थान तुटलं की प्राण जातो, ही भारतीय कल्पना. मराठीत आपण वर्मी घाव बसला म्हणतो, त्यातलं वर्म हेच.