टोस्टर : सुरक्षित रचनेचा विचार

टोस्टरमध्ये वीज वाहणारी उघडी तार माणसाच्या बोटांपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असते. इस्त्री किंवा गीझरचे तसे नसते. तिथे कॉइल धातूच्या नळीत बंद असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. टोस्टरमध्ये अशी नळी वापरली तर ती तापायला वेळ लागतो, आणि तोवर ब्रेड भाजण्याऐवजी वाळून कडक होतो. म्हणून अभ्रकाच्या पातळ तक्त्यांवर नायक्रोमची पट्टी गुंडाळून ती उघडीच ठेवतात. टोस्टरच्या सुरक्षिततेचे बहुतेक प्रश्न या एका तडजोडीतून निघतात.

नायक्रोम हा निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने १९०५ च्या सुमारास तयार केला. लाल होईपर्यंत तापवला तरी क्रोमियमच्या ऑक्साइडची घट्ट साय त्याच्यावर धरते, त्यामुळे तार लवकर जळून तुटत नाही. १९०९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने बाजारात आणलेल्या टोस्टरला ना आवरण होते, ना बटण. ब्रेड हाताने उलटायचा आणि करपू नये म्हणून समोर उभे राहायचे. चार्ल्स स्ट्राइट याला १९२१ मध्ये वेळ संपताच आपोआप बंद होणाऱ्या टोस्टरचे पेटंट मिळाले आणि १९२६ पासून ब्रेड वर उडवणारा टोस्टर घराघरांत जाऊ लागला. त्याच्यामागचा मूळ विचार आजही खरा आहे : माणूस विसरणार हे गृहीत धरूनच यंत्र बनवावे.

आजच्या टोस्टरमध्ये खटका खाली दाबला की स्प्रिंग ताणली जाते आणि एक छोटा विद्युतचुंबक जाळी खाली धरून ठेवतो. वेळ संपली की चुंबकाची वीज तुटते, स्प्रिंग सुटते आणि ब्रेड वर येतो. या रचनेचा सर्वांत मोठा फायदा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिसतो. भारनियमनाच्या काळात खेड्यापाड्यांतली वीज तासन्‌तास जात असे, आणि वादळवाऱ्यात ती अजूनही जाते. लाइट गेली की उघड्या कॉइलची शेगडी किंवा पाणी तापवायचा रॉड बोर्डाला तसाच लागलेला राहतो. घरातली माणसे शेतावर किंवा बाजारात निघून जातात, मागे लाइट येते आणि रिकाम्या घरात कॉइल तापत राहते. चुंबकाचा टोस्टर मात्र लाइट जाताच सुटतो आणि ती परत आली तरी आपण होऊन सुरू होत नाही. हा गुण तापणाऱ्या प्रत्येक घरगुती उपकरणात असायला हवा.

शॉक बसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अडकलेला ब्रेड सुरीने किंवा काट्याने काढणे. ‘धातूची वस्तू आत घालू नका’ ही सूचना पुस्तिकेत छापली की काम झाले असे मानणारी रचना आळशी म्हणावी लागेल. चांगल्या टोस्टरमध्ये खटका नेहमीच्या जागेपेक्षा आणखी वर उचलता येतो, त्यामुळे छोटा तुकडाही बोटांनी धरता येतो आणि सुरीची गरजच उरत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंच्या संरक्षक तारा ब्रेडला मध्यभागी धरून कॉइलपासून दूर ठेवतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ३०२ या मानकात घरगुती विद्युत उपकरणांची जी तपासणी सांगितली आहे, तिच्यात माणसाच्या बोटासारखे सांधे असलेले एक चाचणी-बोट उपकरणाच्या फटींत घालून बघतात.

पण टोस्टर बंद असतानाही कॉइलमध्ये करंट असू शकतो. आतला स्विच एकच तार तोडत असेल आणि ती तार न्यूट्रलची निघाली, तर फेज थेट कॉइलपर्यंत पोहोचलेला राहतो. जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटचे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सापडणे नवलाचे नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलच्या जुन्या वस्तीतल्या वाड्यांसारख्या घरांत, जिथे वायरिंग वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी वाढत गेलेले असते, तिथे टेस्टर लावून पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही. म्हणून टोस्टरच्या स्विचने दोन्ही तारा एकदम तोडाव्यात. त्यासाठी खर्च एका जादा संपर्क-पत्तीचा, आणि ती वाचवण्यासारखी नाही.

अर्थिंगचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. बाहेरचा पत्रा अर्थ केलेला असेल आणि आतली तार सुटून त्याला टेकली, तर मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज उडतो. पण त्याच पत्र्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने सुरी कॉइलला लावली, तर करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जातो. अमेरिकेत टोस्टरला बहुधा दोनच पिना असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये तीन पिनांची पद्धत रुजली. दोन्हींचा मेळ घालणारी रचना अशी : आतला सांगाडा अर्थ केलेला आणि हाताला लागणारे बाहेरचे कवच उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे. दोहोंमधल्या हवेच्या पोकळीमुळे कवच फार तापतही नाही.

अर्थिंग नुसते असून भागत नाही. एरंडोल परिसरातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की भेगाळते. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती तिच्यापासून सुटते, आणि मीठ-कोळसा भरलेला खड्डा पाण्यावाचून कोरडा पडतो. समजा, खड्ड्याचा रोध २० ओहम झाला. मग २३० व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह भरतो साधारण साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने ट्रिप होत नाही आणि टोस्टरचा पत्रा जवळजवळ पूर्ण दाबाखाली राहतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला मात्र अँपिअरचा दहावा भाग पुरतो. ही दरी ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी भरून काढतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो आणि फरक पडताच क्षणार्धात वीज तोडतो. त्याच्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे, आणि मार्च ते जूनदरम्यान अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावे.

व्होल्टेजच्या चढउताराचा विचार परदेशी आराखड्यांत सहसा कमी पडतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला ८०० वॅट देणारा टोस्टर १८० व्होल्टला जेमतेम ४९० वॅट देतो आणि २५० व्होल्टला ९४५ वॅटपर्यंत जातो. परिसरातले शेतीपंप सुरू असताना ब्रेड पांढरा राहिला म्हणून तोच दुसऱ्यांदा आत घातला जातो. तेवढ्यात पंप बंद होतात, व्होल्टेज चढते आणि ब्रेड पेट घेतो. नुसता वेळ मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टायमरला यातले काही कळत नाही. आतल्या उष्णतेने वाकणारी द्विधातूची पट्टी किंवा तापमान मोजणारा संवेदक वापरला तर भाजणी आपोआप जुळवून घेतली जाते. ब्रेड अडकून जाळी वर आलीच नाही, तरी कॉइलची वीज तुटली पाहिजे. शेवटचा उपाय म्हणून ठरावीक तापमानाला वितळणारा थर्मल फ्यूजही असावा.

आगीचे दुसरे कारण म्हणजे तळाशी साचलेला ब्रेडचा चुरा. त्यासाठी बाहेर ओढता येणारा ट्रे हवा, आणि तो स्क्रू न काढता, एका हाताने निघायला हवा. नाहीतर कोणी तो साफ करत नाही. वायर आखूड असावी, म्हणजे ती ओट्यावरून खाली लोंबत नाही आणि लहान मुलाच्या हाती लागत नाही. आत शिरते तिथे ती पक्की आवळलेली असावी, कारण ओढली गेल्यावर अर्थची हिरवी तार आतून तुटली तर बाहेरून काहीच कळत नाही : टोस्टर पूर्वीसारखाच ब्रेड भाजत राहतो.