मुलगा ‘ड्रॉप’ घेतो, मुलगी ‘घरी बसते’

बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात. आमच्या भुसावळच्या उन्हात एरवी दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, पण त्या दिवशी पेढ्यांच्या दुकानासमोर गर्दी असते. ज्या घरी पेढे येत नाहीत, त्या घराबद्दल कोणी काही विचारत नाही. न विचारताच सगळ्यांना कळलेलं असतं.

२०२४ साली राज्याचा निकाल ९३.३७ टक्के लागला. एवढे सगळे पास होतात म्हटल्यावर नुसतं पास होण्याचं कौतुक राहिलं नाही. दहावीला ९१ टक्के असलेली मुलगी बारावी आर्ट्‌सला ५८ वर आली, तर तिच्या घरात सुतकच! अशीच एक मुलगी निकालानंतर आठवड्याभराने आमच्या महिला मंडळाच्या अभ्यासिकेत आली. तिला इतिहास शिकायचा होता, तोही मोठ्या ठिकाणी. इंग्रजी आणि अर्थशास्त्राने तिला खाली खेचलं होतं. पुण्याच्या ज्या कॉलेजचं स्वप्न होतं, तिथे आता नंबर लागण्यासारखा नव्हता.

“काकू, आता इथेच बी.ए. करायचं आणि मग...” एवढं बोलून ती गप्प झाली. ते ‘मग’ काय असतं, हे या पानाच्या वाचक मैत्रिणींना मी काय सांगू?

गुणपडताळणी करून झाली, उत्तरपत्रिकेची छायाप्रतही मागवली, दोनच गुणांचा फरक निघाला. श्रेणीसुधार परीक्षेचाही विचार झाला. पण मी तिच्यासमोर वेगळीच गोष्ट ठेवली. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळायचा. त्या वर्षी तर काही कॉलेजांची पहिली कट-ऑफ चक्क १०० टक्क्यांवर गेली होती. २०२२ पासून मात्र केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा आली. दिल्लीच्या गुणवत्ता यादीत आता त्या परीक्षेचे गुण धरतात. बारावी उत्तीर्ण असावं लागतंच, आणि दोन मुलांचे गुण सारखे आले तर बारावीचे टक्के बघतात. पण ५८ टक्के आहेत म्हणून दारातूनच परत पाठवणं संपलं.

ऐकून तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. कारण अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपली होती, आणि निकाल लागला तेव्हा परीक्षा चालूसुद्धा झाली होती. या सगळ्या प्रकारातली मेख हीच आहे. आपल्याला दुसऱ्या वाटेची गरज आहे हे कळतं मे महिन्यात, आणि त्या वाटेचा अर्ज भरायचा असतो त्याच्या कितीतरी आधी. २०२४ मध्ये अर्ज फेब्रुवारीअखेर सुरू झाले, २०२५ मध्ये १ मार्चला. ऐन बारावीच्या पेपरांच्या धामधुमीत हे कोणाच्या लक्षात राहणार? शहरातल्या मुलांना क्लासवाले आठवण करून देतात. आमच्याकडच्या आर्ट्‌सच्या मुलींना कोण सांगणार!

म्हणजे आता एक वर्ष थांबायचं. इथे खरी लढाई सुरू झाली.

तिचे वडील रेल्वेत, लोको शेडमध्ये. माणूस भला, पण म्हणाले, “वहिनी, मुलीचं वर्ष वाया घालवायचं म्हणजे...” त्याच घरात तिचा चुलतभाऊ लातूरला ‘नीट’साठी दुसऱ्यांदा बसत होता. त्याच्या क्लासची, खोलीची, मेसची फी काढायला दोन्ही भावांनी मिळून कर्ज काढलं होतं. तो ‘ड्रॉप’ घेतोय असं सगळे अभिमानाने सांगायचे. मुलीने तेच केलं की ती ‘घरी बसली’. आणि घरी बसलेल्या मुलीला स्थळं येतात हो! दोन आलीसुद्धा. एक तर जळगावचा, स्वतःचं मेडिकल दुकान असलेला. शेजारणींनी किती वाखाणला म्हणून सांगू!

तिच्या आईने तोड काढली. बाई सातवी शिकलेली, पण व्यवहाराला पक्की. म्हणाली, “इथल्या कॉलेजात नाव घाला. लोकांना सांगायला एफ.वाय. आहे म्हणून होईल, आणि पोरीला अभ्यास करता येईल.” तसंच केलं. स्थळांना ‘शिकतेय अजून’ हे उत्तर मिळालं. हा उपाय मला तरी सुचला नसता.

अभ्यासाची कथाही सांगायला हवी, कारण तिथे पुष्कळ मुली अडखळतात. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीवर बेतलेला असतो. आपल्या बोर्डाचं इतिहासाचं पुस्तक वेगळं, त्यांचं वेगळं. एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. मराठीत नाहीत, पण हिंदीत आहेत. ‘भारतीय इतिहास के कुछ विषय’चे तीन भाग आम्ही झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग करून घेतले. हिंदी सिनेमा बघणाऱ्या मुलीला हिंदी वाचायला कितीसा त्रास! पहिले पंधरा दिवस कुरकुरली, मग सरावली.

विषय निवडताना एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २०२५ पासून परीक्षा घेणारी एनटीए कोणतेही पाच विषय घेऊ देते, पण दिल्ली विद्यापीठ बारावीत शिकलेलेच विषय धरतं. इतिहास ऑनर्ससाठी एक भाषा आणि तीन विषय चालतात. आणि भाषा मराठी चालते! प्रत्येक विषयाला २५० गुण, म्हणजे हजारातले अडीचशे आपल्या मायबोलीचे. ज्या इंग्रजीने तिला बारावीत बुडवलं, तिची इथे सक्ती नव्हती. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल असे चार विषय तिने घेतले. एका विषयाला एक तास, पन्नास प्रश्न, सगळे सक्तीचे. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा. आपल्या मुलींना लहानपणापासून ‘काहीतरी लिहून ये, पान कोरं सोडू नको’ असं शिकवलेलं. इथे माहीत नसेल तो प्रश्न सोडून द्यायची हिंमत लागते. ते शिकायला तिला तीन महिने लागले.

परीक्षा सगळी कॉम्प्युटरवर. तिने माऊस धरलेला शाळेत, तोही चार जणींत एक. ओळखीच्या एमएससीआयटी क्लासवाल्याला सांगून संध्याकाळचा एक तास मागून घेतला.

कागदपत्रांनी मात्र रडवलं. आपल्याकडचा ओबीसीचा राज्याचा दाखला तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, तोही चालू आर्थिक वर्षातला नॉन-क्रिमीलेअर लागतो. म्हणजे ३१ मार्चनंतर काढलेला. एप्रिलमध्ये तिची आई सेतू कार्यालयात चार वेळा जाऊन आली. तिसऱ्या वेळी नमुनाच चुकीचा दिला होता. बाईने तिथेच बसकण मारली!

२०२५ मध्ये साडेतेरा लाख मुलांनी नोंदणी केली, सुमारे १० लाख ७१ हजारांनी परीक्षा दिली. दिल्ली विद्यापीठात जागा साधारण ७१ हजार. निकाल ४ जुलैला आला. हिचे गुण पेपरात फोटो येण्यासारखे नव्हते. पण पसंतीक्रम भरताना आम्ही फक्त मिरांडा हाऊस, लेडी श्रीराम अशी नावाजलेली कॉलेजं लिहून थांबलो नाही, खाली खाली लिहीत गेलो. जितकी लांब यादी, तितकं बरं. दुसऱ्या फेरीत एका कमी गाजलेल्या मुलींच्या कॉलेजात इतिहास मिळाला.

वडिलांनी रेल्वेचा पास काढला आणि पंजाब मेलने स्वतः सोडायला गेले. कॉलेजला हॉस्टेल नाही. फी परवडली, पण पी.जी.चं भाडं ऐकून मलाच घाम फुटला. त्याची अनामत आईच्या भिशीतून गेली. तो नंबर तिने दोन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी म्हणून लावला होता.

तिकडे सगळं गोडगोड आहे असं नाही. वर्गात शिकवतात इंग्रजीत, आणि शेजारच्या मुली फाडफाड बोलतात. पहिल्या सेमिस्टरचे पेपर तिने हिंदीत लिहिले, ती सवलत आहे. परवा फोनवर म्हणाली, “काकू, डिसेंबरात आंघोळ करवत नव्हती इथे.” आणि मग लायब्ररीतल्या कुठल्याशा पुस्तकाबद्दल वीस मिनिटं सांगत बसली.

चुलतभावाला तिसऱ्यांदा ‘नीट’ द्यायची आहे. घरात आता त्यावर चर्चा चालू आहे, आणि या वेळी ती चर्चा मुलीच्या आईने सुरू केली आहे.