'ढ' म्हणण्याआधी वही पाहा

परीक्षा जवळ आली की दवाखान्यात पोटदुखीचे रोगी वाढतात. त्यांतलाच एक, आपट्याचा, नववीतला. तीन वर्षे मी त्याला कधी जंताचे औषध, कधी टॉनिक देत आलो. परवा आई म्हणाली, "डॉक्टर, आता बुद्धीचंच काहीतरी द्या. घरी सगळं तोंडी सांगतो आणि पेपरात भोपळा!"

मी वही मागवली. हे आधीच करायला हवे होते. 'ध'चा 'घ', जोडाक्षरे तुटलेली, फळ्यावरून उतरवतानाही शब्द गळलेले, गणितात ३२ चे २३. पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी कसे, असे विचारले, तर खोपोलीच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यापर्यंत सारे त्याने घडाघडा सांगितले.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातल्या दोषाचे डिस्लेक्सिया हे नाव अनेकांनी ऐकले असेल. लेखनात आणि गणितातही तो असतो. बुद्धी शाबूत असते, पण अक्षर आणि उच्चार यांची सांगड मेंदू सहज घालू शकत नाही. हा आळस नव्हे, आणि टॉनिकने तो जात नाही. पुष्कळदा तो घराण्यातच असतो. हे सांगितल्यावर इतका वेळ गप्प बसलेले वडील म्हणाले, "मलापण गुरुजी ढच म्हणायचे. मी आठवीतच शाळा सोडली."

१८९६ साली इंग्लंडमधल्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. तेही माझ्यासारखे साधे जनरल प्रॅक्टिशनर. त्या मुलाचे शिक्षण सगळे तोंडी झाले, तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरेल, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अक्षमता आली. तासामागे २० मिनिटे जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो.

मात्र त्यासाठी प्रमाणपत्र लागते. आधी डोळे, कान, रक्त तपासून घ्यावे. कधी नुसता चष्माच लागलेला असतो. मग बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या होतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही सोय आहे. आठ वर्षांनंतर प्रमाणपत्र मिळते, चौदाव्या वर्षी फेरतपासणी होते. एका भेटीत काम होत नाही, म्हणून दहावीचा फॉर्म भरायची वाट पाहू नये.

पण बोर्डाची परीक्षा चार दिवसांची, वर्ग रोजचा. "साठ मुलांत एकाकडे कसं बघू?" असे एका सरांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पण मुलाला पुढच्या बाकावर बसवायला पैसे पडत नाहीत. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी मित्राच्या वहीची झेरॉक्स चालेल. आकडे सरकू नयेत म्हणून गणिताला चौकटींची वही द्यावी. इतिहासाच्या उत्तरात वेलांटी चुकली म्हणून गुण कापू नयेत, शक्य तेथे उत्तर तोंडी घ्यावे. आणि वर्गासमोर उभे करून धडा मोठ्याने वाचायला लावू नये. सोमवारची पोटदुखी बहुधा तिथूनच येते.

तपासणीला जाताना जुन्या वह्या, प्रगतिपुस्तके आणि वर्गशिक्षकांची चिठ्ठी न्यावी. आमच्या मुलाला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. टॉनिक मी बंद केले.