रंगमंचावरून रस्त्यावर : नाट्यपद बँडवर कसे येते?

आमच्या निवासी शाळेत बँडपथक सुरू करावे, हा विचार पालकसभेत प्रथम मांडला गेला तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी उभे राहून विचारले, "सर, गावची हलगी आमच्या बापानं बाबासाहेबांच्या शब्दाखातर खाली ठेवली. आता साकीनाक्याला येऊन नातवंडांच्या गळ्यात पुन्हा ढोल अडकवायचा का?" सभेत काही काळ कोणीच बोलले नाही. त्या दिवशी आम्हांलाही समाधानकारक उत्तर देता आले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या प्रश्नामागे इतिहास आहे. गावगाड्यात वाजविणे ही कला मानली जात नव्हती, ते जातीवर लादलेले काम होते. मिरवणूक कोणाचीही असो, वाजविणारा पुढे चालायचा आणि देवळाच्या पायरीशी थांबायचा. मोबदला म्हणून मिळे ते बलुते किंवा शिळे अन्न. 1927 च्या महाड सत्याग्रहापासून बाबासाहेबांनी अशी हीन ठरविणारी कामे सोडून देण्याचा आग्रह धरला आणि 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ठिकठिकाणी आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे थांबविले, तसेच वाद्येही खाली ठेवली. तो निर्णय स्वाभिमानाचा होता. त्यामुळे आज बँडचा विचार करताना तो विसरून चालणार नाही.

त्याच काळात मराठी समाजाच्या दुसऱ्या टोकाला संगीत रंगभूमी बहरत होती. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे 'सौभद्र' (1882), 'मानापमान' (1911), 'स्वयंवर' (1916) अशा नाटकांनी रागदारी संगीत मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचविले. गोविंदराव टेंबे, भास्करबुवा बखले यांच्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून लोकप्रिय झाल्या. परंतु हे संगीत नाटकगृहाच्या भिंतींच्या आत होते. तिकिटाचे पैसे असणाऱ्याने खुर्चीवर बसून ते ऐकावे आणि गुरूच्या घरी प्रवेश असणाऱ्याने ते शिकावे, अशी स्थिती होती. आपला कष्टकरी समाज या दोन्ही दारांबाहेर होता.

रंगमंचावरचे संगीत आणि दाराबाहेरचा कष्टकरी यांच्यातील हे अंतर युरोपातही होते, आणि तेथे ते कमी करण्यात बँडचा मोठा वाटा आहे. तिकडील संगीत नाटक म्हणजे ऑपेरा. एकोणिसाव्या शतकात पितळी वाद्यांना व्हॉल्व्ह बसविण्याचे तंत्र पक्के झाले, तेव्हा तीन बोटांनी सर्व बारा स्वर वाजविता येऊ लागले. बोटे दिवसभराच्या श्रमाने जड झालेल्या माणसालाही हे वाद्य शिकता येई. इंग्लंडच्या उत्तर भागात कापड गिरण्या आणि कोळशाच्या खाणींतील मजुरांनी आपापली ब्रास बँडपथके उभी केली. 1853 साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. पुढील अनेक दशके या स्पर्धांत वाजवावयाच्या रचना बहुतांशी ऑपेरांतील निवडक भागांवरून बांधलेल्या असत. ब्रास बँडसाठीच स्वतंत्रपणे लिहिलेली महत्त्वाची स्पर्धा-रचना म्हणून पर्सी फ्लेचर यांच्या 'लेबर अँड लव्ह'चे नाव घेतले जाते, आणि ती आली 1913 साली. तोपर्यंत ज्याने लंडनच्या ऑपेरागृहाची पायरी पाहिली नव्हती, अशा गिरणी कामगाराने रोसिनी आणि वर्दी आपल्या गावच्या मैदानावर, आपल्याच शेजाऱ्याच्या कॉर्नेटमधून ऐकले होते. वर्दीच्या 'नाबुको' (1842) या ऑपेरात बाबिलोनमध्ये गुलाम झालेल्या लोकांचे एक समूहगान आहे. त्यातील बराच भाग सर्वांनी एकाच स्वरात गायचा असल्याने ते बँडवर सहज उतरते, आणि जगभरची पथके ते आजही वाजवितात.

आपल्याकडे रंगभूमी आणि बँड यांची गाठ घालणारे एक नाव प्रत्येक बौद्धाला ठाऊक असले पाहिजे. ते म्हणजे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (1898-1974). आळंदीत जन्मलेले कृष्णराव बालनट म्हणून रंगभूमीवर आले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य झाले, गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी चाली बांधल्या, 'प्रभात'च्या 'धर्मात्मा', 'माणूस', 'शेजारी' या चित्रपटांना संगीत दिले आणि 1942 च्या 'कुलवधू'ची पदेही त्यांनीच बांधली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणते असावे ही चर्चा सुरू झाली, तेव्हा प्रश्न केवळ शब्दांचा राहिला नाही. 25 ऑगस्ट 1948 रोजी संविधान सभेत पंतप्रधान नेहरूंनी असे मांडले की, राष्ट्रगीत हे सैन्यदलांच्या आणि परदेशांतील वाद्यवृंदांना वाजविता आले पाहिजे, म्हणून त्यात शब्दांपेक्षा सुरावटीला महत्त्व आहे. 'वंदे मातरम्' वाद्यवृंदाला सोपे नाही, हा एक आक्षेप होता. कृष्णरावांनी तो आव्हान म्हणून स्वीकारला. झिंजोटी रागात समूहाला गाता येईल अशी सुटसुटीत चाल त्यांनी बांधली, पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन तयार करवून घेतले आणि मुंबईच्या पोलीस बँडकडून ती वाजवून घेतली. 24 जानेवारी 1950 रोजी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान देण्यात आला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, हा या लेखाचा विषय नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, नाट्यगीते बांधणाऱ्या एका थोर संगीतकाराला आपली चाल शिपायाच्या क्लॅरिनेटवर कशी वाजेल याचा विचार करावासा वाटला.

याच कृष्णरावांनी 1956 साली बाबासाहेबांच्या विनंतीवरून पाली बुद्धवंदनेला चाल दिली आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली. तेथेही अट तीच होती : हजारो माणसांना, ज्यांना रागाचे नावही ठाऊक नाही अशांना, एकत्र म्हणता आले पाहिजे. रंगभूमीवर कमावलेली विद्या त्यांनी तेथे समूहाच्या सेवेला लावली.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नाट्यपद बँडवर उतरविताना काय करावे लागते, हे 'कुलवधू'मधील ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेल्या भैरवीतील प्रसिद्ध पदाच्या आधारे पाहता येईल.

पहिला निर्णय पट्टीचा. गायिका स्वतःच्या गळ्याला सोयीचा षड्ज धरते. बँडमध्ये मात्र वाद्ये मुळातच वेगवेगळ्या पट्ट्यांची असतात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट 'बी फ्लॅट'ची, म्हणजे पेटीवरच्या काळी पाचची. त्यांच्या कागदावर 'सी' लिहिला की कानाला काळी पाच ऐकू येते. म्हणून काळी पाचला षड्ज मानले तर या मुलांना 'सी'पासून सुरुवात करता येते आणि भैरवीतील कोमल रिषभ, गंधार, धैवत, निषाद यांसाठी चार स्वर उतरवावे लागतात. आल्टो सॅक्सोफोन 'ई फ्लॅट'चा असतो, म्हणून त्याच्या कागदावर तोच षड्ज 'जी'वर येतो आणि तीनच फ्लॅट लागतात. अशा रीतीने एकाच पदाचे वेगवेगळे कागद तयार होतात. ते शेजारी शेजारी ठेवले तर भिन्न दिसतात, पण एकत्र वाजविले की एकच सुरावट उमटते.

दुसरा निर्णय वाटणीचा. मुखडा क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटकडे द्यावा, म्हणजे तो मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचतो. अंतरा युफोनियमकडे दिला तर पुरुषी गळ्यासारखा मऊ आवाज मिळतो. खालच्या पट्टीतील मोठ्या वाद्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरमेळ द्यावेत, की तंबोऱ्याप्रमाणे षड्ज आणि मध्यम धरून ठेवावेत, याविषयी मतभेद आहेत. आम्हांला दुसरा मार्ग रुचतो, कारण दर दोन मात्रांना मेळ बदलला की भैरवीचा रंग फिका पडतो.

तिसरा निर्णय श्वासाचा. बारा वर्षांच्या मुलीचा दम गायिकेइतका लांब नसतो. म्हणून लांब ओळ दोघींत विभागून, एक श्वास घेईल तेव्हा दुसरी वाजवीत राहील, असे कागदावर आधीच ठरवून लिहावे लागते.

या प्रवासात काही गमावतेही, हे मान्य केले पाहिजे. मींड ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवर थोडीबहुत साधते, ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हवर ती तुटते. मुरक्या आणि ताना गाळाव्या लागतात. कृष्णरावांच्या गाण्यातील क्षणोक्षणी बदलणारी लय पथकाच्या पावलांत मावत नाही. बँडवरचे पद म्हणजे मूळ पद नसते. ते मूळ पदाकडे जाण्याची वाट दाखविते. ते वाजविल्यानंतर आमची काही मुले जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकू लागली, एवढे आम्ही पाहिले आहे.

परंतु जे मिळते तेही थोडे नाही. लिहिलेला सूर कोणाच्या घराण्याची मालमत्ता राहत नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून गावोगावच्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकविले जाई. त्या अक्षरओळखीच्या बळावर गोवेकर वादक लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये गेले, पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा बनले. ज्याला वाचता येते त्याला कोणाच्या मर्जीवर शिकावे लागत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला ग्रंथांच्या बाबतीत शिकविले. सुरांच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.

बँडपथक सुरू झाल्यावर एका 14 एप्रिलला आमच्या मुलांनी प्रथम बुद्धवंदनेची चाल आणि नंतर ही भैरवी वाजविली. बाहेर अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची वाहने आणि वर मेट्रो, तरी सूर ऐकू येत होते. कार्यक्रम संपल्यावर पालकसभेत प्रश्न विचारणारे तेच आजोबा क्लॅरिनेट वाजविणाऱ्या एका मुलीजवळ गेले आणि तिच्या हातातील कागद त्यांनी निरखून पाहिला. एका चिन्हावर बोट ठेवून त्यांनी ते काय आहे असे विचारले. ती म्हणाली, "आजोबा, इथे थांबायचं असं लिहिलंय. चार मात्रा गप्प राहायचं."

आजोबा थोडा वेळ त्या चिन्हाकडे पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आमच्या वेळी थांब म्हणायचा हक्क मालकाचा होता, सर. रात्र रात्र बडवायचो."

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथे मिळाले. वाद्य तेच असू शकते, मिरवणूकही तशीच दिसू शकते. फरक पडतो तो कोण कोणाच्या सांगण्यावरून वाजवितो, वाजविणाऱ्याला आपण काय वाजवितो हे वाचता येते की नाही आणि थांबण्याची जागा कोण ठरवितो, यावर. आमच्या मुलांनी कोणाच्या दारापुढे वाजवावे म्हणून हे पथक उभे केलेले नाही. ज्या संगीताच्या दारांबाहेर त्यांच्या पणजोबांना उभे राहावे लागले, ते संगीत स्वतः वाचून, समजून त्यांनी वाजवावे, म्हणून ते उभे केले आहे. पुढील वर्षी कृष्णरावांचे आणखी एक पद बसविण्याचा आमचा संकल्प आहे. त्याचे कागद या वेळी मुलेच लिहिणार आहेत.