फळांचे अर्क आणि मुखकर्करोगाच्या पेशी

आमलकी, हरीतकी वा दाडिमाच्या अर्काने मुखकर्करोगाच्या पेशी नष्ट होतात, असे निष्कर्ष वारंवार प्रसिद्ध होतात. त्यांचे मोल ठरविताना आपण प्रथम पेशींचे मूळ पाहावे. अनेक प्रयोगांत वापरलेली ‘केबी’ पेशीमालिका १९५५ मध्ये मुखकर्करोगाची म्हणून नोंदली गेली. पुढे जनुकीय तपासणीत तीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील ‘हेला’ पेशीच आढळल्या. दुसरे असे की, त्याच मात्रेत निरोगी पेशी टिकतात काय, हे पाहणे अगत्याचे आहे. शिवाय बशीतील मात्रा सेवनानंतर व्रणापर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणून असे निष्कर्ष आम्ही संशोधनाची दिशा मानतो, चिकित्सेचा आधार नव्हे. दोन आठवड्यांत न भरणारा मुखव्रण दिसल्यास चूर्ण देऊन कालहरण न करता रुग्णास बायॉप्सीसाठी पाठवावे.