गुलाबी बीजाणूंची भूछत्रे आणि त्यांचे विषारी प्रतिरूप

वाराणसी : पावसाळ्यात गंगेच्या मैदानात भाताचा पेंढा व पडलेले ओंडके कुजू लागले, की त्यांवर भूछत्रे उगवतात. ओंडक्यांवरील भूछत्रांत ‘प्लुटेसी’ कुळातील प्रजाती आढळतात. त्यांच्या टोपीखालील पापुद्रे देठाला चिकटलेले नसतात आणि बीजाणू पक्व होताच ते गुलाबी होतात. मृत लाकूड व पालापाचोळा हेच त्यांचे अन्न.

पेंढ्यावरील खाद्य अळिंबी ‘व्होल्व्हेरिएला’ दीर्घकाळ याच कुळात गणली जाई. २०११ मधील जनुकीय अभ्यासाने तिचे नाते दूरचे ठरविले. बीजाणू मात्र तिचेही गुलाबीच. बटण अळिंबीला थंडावा लागतो, तर ही ३० ते ३५ अंश सेल्सिअसला जोमाने वाढते. कोवळेपणी ती अंड्यासारख्या आवरणात असते, व याच अवस्थेत बहुधा खुडली जाते.

धोका येथेच आहे. ‘अमानिटा’ वंशातील अत्यंत विषारी भूछत्रेही अशाच आवरणातून बाहेर पडतात. त्यांचे बीजाणू पांढरे असतात आणि ती सहसा जिवंत झाडांच्या मुळांशी सहजीवन करतात. परंतु न उमललेल्या गोळ्यात बीजाणूंचा रंग दिसतच नाही. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे २०१२ च्या प्रारंभी ‘डेथ कॅप’ हे अमानिटा खाल्ल्याने दोघांचा मृत्यू झाला. ते पेंढ्यावरील अळिंबी समजून शिजविले गेले असावे, असे मानले जाते. हे विष शिजविल्याने नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतात. तोवर विष यकृतापर्यंत पोहोचलेले असते.