परतीचा रस्ता विसरलेल्यांची शिर्डी

एप्रिल 2025मध्ये शिर्डीत भिक्षेकऱ्यांची धरपकड झाली. त्यांना विसापूरच्या भिक्षेकरी गृहात नेले, काहींना तिथून अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवले आणि त्यांतले चौघे दगावले. या बातमीने एक जुना प्रश्न पुन्हा वर काढला. भीक मागणारा कोण आणि स्वतःचे नाव-गाव न आठवणारा म्हातारा कोण, हे धरपकडीच्या वेळी ओळखायचे कोणी? 1959च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात उपजीविकेचे साधन न दिसता भटकणे हेही भीक मागणेच ठरते. डिमेन्शियाने, म्हणजे स्मृतिभ्रंशाने भरकटलेला माणूस त्या व्याख्येत अलगद सापडतो.

साईबाबांच्या समाधीनंतरची बरीच दशके या विषयापुरती चटकन ओलांडता येतात. साठी बुद्धी नाठी म्हणायचे आणि म्हाताऱ्याला घरच्यांनी सांभाळायचे, एवढीच तेव्हाची तजवीज. चुकले ते 2009 ते 2018 या दशकात. 2009मध्ये साईनगर शिर्डी रेल्वेस्थानक सुरू झाले आणि त्याच वर्षी ज्येष्ठांच्या निर्वाहाचा 2007चा कायदा महाराष्ट्रात लागू झाला. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारावेत, असे त्यात लिहिलेले आहे. 2010च्या राष्ट्रीय अहवालाने देशात 37 लाख डिमेन्शियाग्रस्त असल्याचा अंदाज मांडला. त्याच दशकात केरळात सरकारने डिमेन्शियावर काम करणाऱ्या एआरडीएसआय या संस्थेला हाताशी धरून त्रिशूर जिल्ह्यात कुन्नमकुलमला अशा रुग्णांचे निवासी केंद्र चालवले. आपल्याकडे पुण्या-मुंबईत खासगी केंद्रे निघाली, ती ज्यांना परवडतात त्यांच्यासाठी. शिर्डीत 2017मध्ये विमानतळ आला, समाधी शताब्दी थाटात झाली. माणूस शिर्डीला पोहोचावा म्हणून सगळे झाले, पण ज्याला परत जाता येत नाही त्याच्यासाठी काहीच झाले नाही. 2019मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठालाच शिर्डीतून बेपत्ता होणाऱ्यांची दखल घ्यावी लागली.

दर्शनाला जाताना मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. त्या गर्दीत आजोबांचा हात सुटला की मदार उरते ती ध्वनिक्षेपकावरच्या पुकाऱ्यावर. पण पुकारलेले नाव आपलेच आहे, हे ज्याला उमगत नाही, त्याला त्या पुकाऱ्याचा काय उपयोग? दिवस मावळला की ‘घरी जायचंय’ म्हणून कासावीस होणाऱ्या माणसाला साधा वृद्धाश्रमही पुरत नाही. त्याला रोज तोच ओळखीचा मदतनीस लागतो, चटकन सापडेल असे न्हाणीघर लागते, फिरायला मोकळे पण बाहेर न सुटणारे आवार लागते.

शिर्डीत अशा रुग्णांसाठी निवासी केंद्र काढले तर लोक आई-वडिलांना इथेच सोडून जातील, असा आक्षेप घेतला जातो. सोडून जाणारे आजही जातातच. त्यांच्यासाठी ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007च्याच कायद्याच्या कलम 24मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, ती वापरावी. मुलाच्या गुन्ह्याची शिक्षा बापाने का भोगायची? सांभाळणे हे घरच्यांचेच काम, हेही खरे. पण रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला अशा केंद्रामुळे चार आठवड्यांची उसंत मिळाली, तर तेच घर आणखी काही वर्षे तग धरते. देवस्थानचा पैसा भक्तांसाठी आहे, हा तिसरा मुद्दा. मग दर्शनाला येऊन हरवलेला माणूस भक्त नाही तर कोण? साई संस्थान रुग्णालये चालवतेच. त्यांच्याच जोडीने शासनाने इथे डिमेन्शियाचे निवासी केंद्र उभारावे, आणि शिर्डीत नाव-गाव न सांगू शकणारा कोणीही वृद्ध सापडला, तर भिक्षेकरी गृहाची वाट दाखवण्याआधी त्याची तिथे तपासणी करणे पोलिसांवर बंधनकारक करावे.